बिग बेअरचा घरटे-कॅमेरा : हिमवादळातील गरुडपिल्लांच्या थेट प्रक्षेपणाचे परीक्षण

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो पर्वतात, बिग बेअर सरोवराच्या परिसरात, एका जेफ्री पाइन वृक्षावर जमिनीपासून सुमारे १४५ फूट उंचीवर बाल्ड ईगल जातीच्या गरुडांचे घरटे आहे. 'फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली' ही तेथील स्वयंसेवी संस्था २०१५ पासून या घरट्यावर कॅमेरा ठेवून आहे आणि त्याचे चोवीस तास चालणारे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. जॅकी ही मादी आणि शॅडो हा नर, ही नावे या प्रक्षेपणामुळेच जगभर पोहोचली. पक्ष्यांच्या घरट्यांची अशी प्रक्षेपणे आता पुष्कळ आहेत. त्यांतील बरीच मी चोपडा तालुक्यातील आमच्या घरी बसून पाहत आलो आहे आणि एकच सुचवायचे झाले तर मी हेच सुचवीन. सुंदर दृश्ये सगळ्यांकडेच असतात. हवामान बिघडले की घरट्यातील पिल्लांवर काय गुदरते हे इतक्या सलगपणे, इतक्या प्रामाणिकपणे आणि इतक्या जाणकारीने दाखवणारी दुसरी सेवा माझ्या पाहण्यात आलेली नाही. त्यामुळे हे परीक्षणही मुख्यतः वादळाच्या दिवसांविषयी आहे.

आधी तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. प्रक्षेपण दोन ठिकाणांहून होते. एक कॅमेरा घरट्याच्या अगदी जवळ, वरून आत पाहणारा आहे. दुसरा जरा दूरवर असून त्यात घरटे, झाडाचा शेंडा, मागचे सरोवर आणि त्यापलीकडचे डोंगर एकत्र दिसतात. जवळच्या कॅमेऱ्याचे चित्र इतके स्वच्छ असते की अंड्याला पडलेली पहिली बारीक चीरही ओळखता येते. रात्री अवरक्त प्रकाशावर चित्रण चालते, त्यामुळे अंधारातही घरट्यातील हालचाल काळ्या-पांढऱ्या चित्रात दिसत राहते आणि पक्ष्यांची झोप मोडत नाही. ध्वनिग्राहकही चांगला आहे. पिल्लांची चिवचिव, गरुडांची त्यांच्या देहाच्या मानाने फारच बारीक वाटणारी साद आणि वाऱ्याचा घोंघावता आवाज हे सर्व स्पष्ट ऐकू येते. प्रक्षेपण काही तास मागे नेता येते, ही सोय नोकरी-शेती सांभाळून पाहणाऱ्यांसाठी मोलाची आहे.

खानदेशातील प्रेक्षकाला वेळेचे गणित विशेष अनुकूल पडते. आपले घड्याळ कॅलिफोर्नियाच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेतेरा तासांनी आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून लागू होणाऱ्या उन्हाळी वेळेपेक्षा साडेबारा तासांनी पुढे असते. म्हणजे तेथील रात्र हा आपला दिवस. पिल्लांसाठी सर्वांत कठीण असलेले रात्रीचे थंड तास आपल्याला जागरण न करता पाहता येतात, आणि तेथे उजाडल्यावर घरट्याची काय अवस्था आहे हे आपल्याला संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास कळते.

२०२५ च्या हंगामात या सेवेचे सारे गुण एकाच आठवड्यात कसाला लागले. जॅकीने २२, २५ आणि २८ जानेवारीला तीन अंडी घातली होती. पहिली दोन पिल्ले ३ आणि ४ मार्चला, तर तिसरे ८ मार्चला बाहेर आले. तीनही अंडी उबल्याचा आनंद मोठा होता, कारण आदल्या वर्षी याच जोडीची तीन अंडी वाया गेली होती. फेब्रुवारी २०२४ च्या हिमवर्षावात जॅकी सलग साठ तासांहून अधिक काळ अंड्यांवरून न उठता बसली होती आणि तरीही त्यांतून पिल्ले निघाली नव्हती. अशा पार्श्वभूमीवर तीन पिल्लांचे घरटे मिळाले आणि लगेच मोठे हिमवादळ आले.

१३ मार्चच्या रात्री हे वादळ जोरात होते. आपल्याकडे तेव्हा १४ मार्चची सकाळ उजाडलेली होती आणि दिवस धुलिवंदनाचा होता. बाहेर गल्लीत मुलांचा रंग चालला होता आणि आमच्या घरात पडद्यावर फक्त पांढरा आणि राखाडी असे दोनच रंग होते. घरट्याच्या वाटीत जॅकी पंख किंचित पसरून, छाती खाली टेकवून बसली होती, तिच्या पाठीवर आणि डोक्यावर बर्फ साचत होते, मधूनच ती अंग झटकून ते खाली पाडत होती आणि पुन्हा तशीच स्थिर होत होती. वाऱ्याने अख्खे झाड हलत होते. कॅमेरा झाडालाच बांधलेला असल्याने घरटे स्थिर आणि मागचे जग हेलकावताना दिसे. या वादळात तेथे दोन फुटांच्या आसपास बर्फ पडले. माझी आई एरवी असल्या गोष्टींकडे फारसे लक्ष देत नाही, पण त्या दिवशी ती पुरणाची ताटे आवरून बराच वेळ पाहत बसली आणि शेवटी अहिराणीत एवढेच म्हणाली, "बिचारी उठनीच नही."

रात्रीपर्यंत तिन्ही पिल्ले घरट्यात असल्याचे दिसले होते. तेथील सकाळ झाली तेव्हा दोनच दिसली. संस्थेने ही गोष्ट लपवली नाही आणि घाईने ठरवूनही टाकली नाही. आधी 'दोन पिल्ले दिसत आहेत' एवढेच निवेदन आले आणि खात्री पटल्यानंतर तिघांपैकी एक पिल्लू वादळात दगावल्याचे सांगण्यात आले. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. लाखो लोक पाहत असताना, अफवा आणि अंदाज यांचा पूर लोटलेला असताना, जेवढे दिसले तेवढेच बोलायचे ही शिस्त पाळणे सोपे नाही. उरलेल्या दोघांची नावे बिग बेअरच्या शाळेतील तिसरीच्या मुलांनी, जगभरातून आलेल्या सूचनांमधून, सनी आणि गिझमो अशी निवडली. दोन्ही पिल्ले पुढे जून महिन्यात घरट्यातून उडाली.

आता या वादळातून प्रेक्षकाला नेमके कळते काय, याकडे वळतो, कारण माझ्या मते या सेवेचे खरे मूल्य तेथे आहे. बाल्ड ईगलचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर फिकट राखाडी रंगाची विरळ लव असते. ती दिसायला मऊ असली तरी थंडी अडवण्याच्या कामाची नसते. पहिले दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे, पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. आईच्या किंवा बापाच्या पोटाखाली राहणे हाच त्याचा एकमेव उपाय असतो. त्यानंतर दुसरी, अधिक दाट आणि गडद लव येते व ती ऊब धरून ठेवते. १३ मार्चच्या रात्री ही तीन पिल्ले साधारण दहा, नऊ आणि पाच दिवसांची होती. म्हणजे दुसरी लव अंगावर येण्याआधीच वादळाने त्यांना गाठले होते.

अशा वेळी घरट्यावरील पक्ष्यासमोर एक पेच असतो आणि तो कॅमेऱ्यात अगदी स्पष्ट दिसतो. पिल्लांना भरवायचे तर उठावे लागते, आणि उठले की वाटीतील ऊब निघून जाते व बर्फ आत पडते. न उठावे तर पिल्ले उपाशी राहतात. काही तासांची भूक पिल्लू सोसते, काही मिनिटांचा ओला गारठा मात्र त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्यामुळे अनुभवी पक्षी वादळाचा जोर ओसरण्याची वाट पाहतो, मग झटपट उठून घरट्यात आधीच आणून ठेवलेल्या माशाचे बारीक तुकडे भरवतो आणि पुन्हा बसतो. शॅडो मासे आणि चांदवे हे पाणपक्षी आणून घरट्याच्या कडेला साठा करतो, तो याच कारणासाठी किती उपयोगी पडतो हे वादळातच ध्यानात येते. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. तीन पिल्ले एकाच वेळी झाकण्यासाठी तो आकार काय कामाचा असतो हे पुस्तकात वाचून मला समजले नव्हते, या प्रक्षेपणाने ते डोळ्यांसमोर आणले.

बर्फ पाहून आपल्यासारख्या उष्ण मुलखातील माणसाला धडकी भरते, पण जाणकारांच्या निवेदनांतून हळूहळू कळते की कोरडे बर्फ हा तितका मोठा शत्रू नसतो. मोठ्या गरुडाच्या पाठीवर बर्फ न वितळता साचून राहते, याचा अर्थच असा की पिसांनी आतील ऊब बाहेर जाऊ दिलेली नाही. खरा घात पाणी करते. तापमान गोठणबिंदूच्या आसपास असले की बर्फ ओले पडते, कधी त्याचा पाऊस होतो, घरट्याचा तळ भिजतो आणि पिल्लाची लव अंगाला चिकटली की तिच्यात धरून ठेवलेली हवा निघून जाते. भिजलेली लव असून नसल्यासारखी होते, आणि त्यावर वारा आला की लहानसे शरीर झपाट्याने थंड पडते.

या दृष्टीने २०१९ चा हंगाम अधिक शिकवणारा होता, आणि संस्थेची जुनी चित्रणे उपलब्ध असल्याने तो आजही समजून घेता येतो. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर सिंबा आणि कुकी ही दोन पिल्ले जन्मली. दोघेही सुमारे सहा आठवड्यांचे झाले, चांगले वाढले, धोक्याचा काळ सरला असे कोणालाही वाटावे असे दिसू लागले. मग मे महिन्याच्या अखेरीस त्या उंचीवर अवेळी थंडी, पाऊस आणि बर्फ यांचे वादळ आले आणि २७ मे रोजी कुकी दगावले. गारठ्याने शरीराचे तापमान उतरून ते गेले असावे असे संस्थेने सांगितले. सहा आठवड्यांचे पिल्लू आईच्या पोटाखाली पूर्ण मावत नाही इतके मोठे झालेले असते, पण पाणी अडवणारी पक्की पिसे अजून त्याच्या अंगावर पुरती आलेली नसतात. मोठ्या पक्ष्याची पिसे एकमेकांत गुंतून घट्ट आवरण करतात, त्यांवर चोचीने शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेलकट द्रव फिरवलेला असतो, म्हणून पाणी ओघळून जाते. पिल्लू या दोन संरक्षणांच्या मधल्या फटीत सापडते : आईचे छत्र अपुरे पडू लागलेले आणि स्वतःचे अजून तयार नसलेले. जॅकीने त्या वेळी जमेल तेवढे दोघांना झाकले. सिंबा वाचला आणि पुढे घरट्यातून उडाला. अगदी लहान पिल्लाचीच काळजी करावी, मोठे झाले की निभावते, ही आपली साधी समजूत या एका घटनेने मोडीत निघते.

या सर्व माहितीचा मोठा भाग प्रक्षेपणासोबत चालणाऱ्या संभाषणाच्या रकान्यात स्वयंसेवक देत असतात. हे नियंत्रक केवळ आचरट मजकूर काढून टाकण्याचे काम करत नाहीत. कोण कधी घरट्यावर बसले, किती वेळा भरवले, कोणता मासा आला याची नोंद ठेवतात आणि तोच तोच प्रश्न शंभरदा आला तरी सभ्यपणे उत्तर देतात. वादळाच्या रात्री तर हा रकाना फारच वेगाने धावतो आणि तेथे नवख्याला काही वाचणे कठीण जाते. मी सुचवीन की त्या वेळी तो बंद ठेवावा आणि संस्थेचे दिवसाअखेरचे लेखी निवेदन वाचावे. या निवेदनांत गरुडांवरचे प्रेम उघड असते, तरी निरीक्षण आणि भावना यांची सरमिसळ बहुधा होत नाही. काही वेळा जॅकी-शॅडोच्या वागण्याला माणसांचे हेतू चिकटवले जातात, ते मला खटकते. पण अंडी, पिल्ले, वेळा आणि हवामान यांविषयीच्या नोंदींत मला ढिसाळपणा दिसला नाही.

वादळात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे कोणी वर चढून पिल्लांना का वाचवत नाही. हा प्रश्न आमच्या घरातही उमटला. उत्तर कायद्यात आहे आणि व्यवहारातही आहे. अमेरिकेत बाल्ड ईगलला १९४० च्या विशेष कायद्याचे संरक्षण आहे. वीण हंगामात घरट्याभोवतीचा भाग वनखाते लोकांसाठी बंद ठेवते आणि कॅमेरा बिघडला तरी दुरुस्तीसाठी त्या काळात कोणाला वर जाता येत नाही. शिवाय वादळात १४५ फूट उंच झाडावर माणूस पोहोचला तर पहिली गोष्ट ही घडेल की मोठा पक्षी उडेल आणि पिल्ले उघडी पडतील. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ही जात एके काळी अमेरिकेच्या बहुतेक भागांतून नाहीशी होण्याच्या बेतात होती. १९७२ मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळाले, संख्या सावरली आणि २००७ मध्ये तिचे नाव धोक्यातील जातींच्या यादीतून काढण्यात आले. माणसाने आपला त्रास दूर केला आणि घरट्यांपासून लांब राहिला म्हणून हे घडले, हा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे कॅमेऱ्याचे नुसते पाहत राहणे निष्ठुर वाटत नाही.

आता उणिवा. पहिली आणि आपल्यासाठी सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. सगळी निवेदने इंग्रजीत असतात, आपोआप होणारे मराठी भाषांतर बहुधा हास्यास्पद निघते, आणि त्यामुळे ज्या ज्ञानासाठी मी ही सेवा उत्तम मानतो तेच आपल्याकडील बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. आपल्या शाळांतील विज्ञानशिक्षकांनी किंवा निसर्गमंडळांनी रोजच्या निवेदनाचा चार ओळींचा मराठी गोषवारा तयार करण्याचे काम अंगावर घेतले तर ते फार उपयोगी होईल. दुसरी अडचण चित्राच्या भाराची. पूर्ण स्पष्टतेत सलग प्रक्षेपण पाहिल्यास मोबाइलचा रोजचा डेटा पाहता पाहता संपतो. सातपुड्याच्या पायथ्याकडील गावांत जाळे क्षीण असते तेथे चित्र अडखळते, वीज गेली की राउटर बंद पडतो. अशा ठिकाणी दर्जा मुद्दाम कमी करून पाहावे. रात्रीचे काळे-पांढरे चित्र कमी दर्जातही पुरेसे समजते. तिसरी उणीव वादळाचीच आहे. भिंगावर बर्फ किंवा पाण्याचे थेंब साचले की नेमक्या महत्त्वाच्या वेळी चित्र धूसर होते आणि पोटाखाली काय चालले आहे ते तर कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. त्या तासांत प्रेक्षकाच्या हाती फक्त बसलेला पक्षी असतो, आणि ज्यांना सतत काही घडताना पाहायचे आहे त्यांना हे कंटाळवाणे वाटेल. एक सावधगिरीही सांगायला हवी : या घरट्याची चित्रणे उचलून भडक मथळ्यांखाली पुन्हा दाखवणाऱ्या वाहिन्या आढळतात. संस्थेच्या स्वतःच्या वाहिनीवरच पाहावे.

मुलांना दाखवावे का, हा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण लहान मुलाच्या हाती मोबाइल देऊन निघून जाण्यासारखे हे प्रक्षेपण नाही. मासा फाडला जातो, चांदव्याची पिसे उपटली जातात, मोठे पिल्लू धाकट्याला चोच मारून दडपते आणि कधी पिल्लू मरते. घरातले कोणी मोठे माणूस शेजारी असेल तर सात-आठ वर्षांचे मूल हे समजून घेऊ शकते असा माझा अनुभव आहे. एक पिल्लू गेल्याचे कळल्यावर आमच्या पुतणीने रडून झाल्यावर विचारलेले प्रश्न नेमके होते : ते भिजले होते का, आईला कळले का, उरलेली दोन आता किती दिवसांची झाल्यावर सुरक्षित होतील. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी वर दिलेल्या माहितीच्या आधारे देऊ शकलो. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही दोघांनी मिळून चित्रण पुन्हा पाहिले.

हे प्रक्षेपण पाहू लागल्यापासून आपल्या भागातील शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांकडे माझे लक्ष वेगळ्या रीतीने जाऊ लागले आहे. खानदेशात घरट्यातील पिल्लाची परीक्षा बर्फ घेत नाही, ऊन घेते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या शेंड्यावरील घारीच्या पिल्लाला सावली हाच आधार असतो. घार उन्हाकडे पाठ करून, पंख अर्धे उघडून पिल्लांवर उभी राहते आणि चोच उघडी टाकून धापा टाकते. ऊब देण्यासाठी पसरलेले जॅकीचे पंख आणि सावलीसाठी उघडलेले घारीचे पंख दिसायला जवळजवळ सारखेच असतात, काम मात्र उलट असते. त्यात मार्चमधील गारपीट, जी २०१४ मध्ये उत्तर महाराष्ट्राने फार वाईट रूपात पाहिली, आणि पावसाळ्याआधीची वावटळ-वादळे यांची भर पडते. केळीच्या बागा आडव्या पडल्या की पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्याच वाऱ्याने बांधावरच्या झाडावरील किती घरटी खाली आली हे कोणी मोजत नाही, आणि शेतकऱ्याने त्या दिवशी ते मोजावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

मग असा कॅमेरा आपल्याकडे का नसावा, असे सहज मनात येते. रान पिंगळ्याचेच उदाहरण घ्या. १८८४ नंतर ज्याची खात्रीलायक नोंद नव्हती तो हा घुबडवर्गीय पक्षी १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याकडील जंगलात पुन्हा सापडला. तो ढोलीत घरटे करतो, त्यामुळे पाऊस-वाऱ्यापासून त्याच्या पिल्लांना उघड्या घरट्यापेक्षा अधिक आडोसा मिळतो. त्याचा खरा प्रश्न ढोली असलेली जुनी झाडे उरण्याचा आहे. अशा दुर्मीळ पक्ष्याच्या ढोलीवर कॅमेरा बसवावा असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्याकडे घरट्याचा नुसता सुगावा लागला तरी छायाचित्रकारांची गर्दी होते, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही ती आवरणारे हात थोडे आहेत. पण घारीसारख्या मुबलक पक्ष्याच्या, एखाद्या महाविद्यालयाच्या आवारातील घरट्यावर, वीण सुरू होण्याच्या बरेच आधी, वनविभागाच्या परवानगीने आणि जाणकारांच्या देखरेखीखाली कॅमेरा बसवता आला तर मे महिन्यातील दुपार पिल्लू कशी काढते हे आपल्या मुलांना आपल्या भाषेत पाहता येईल. बिग बेअरच्या संस्थेकडून घेण्यासारखी गोष्ट कॅमेऱ्याच्या किमतीत नाही, हंगामात झाडाजवळ न जाण्याच्या नियमात आहे.

गुण द्यायचे तर चित्र आणि आवाज यांसाठी मी पाचापैकी साडेचार, माहितीच्या विश्वासार्हतेसाठी पाच, मराठी प्रेक्षकाच्या सोयीसाठी दोन आणि एकंदरीत साडेचार देईन. सेवा देणग्यांवर चालते, पण प्रेक्षकाच्या मागे पैशांचा लकडा लावला जात नाही. जाहिरातींचा अडथळाही मला सहन होण्याइतकाच वाटला.

ज्यांना प्रथमच पाहायचे आहे त्यांनी डिसेंबरमध्ये सुरुवात करावी, कारण तेव्हा काटक्या आणून घरटे रचण्याचे काम चालते व दोन्ही पक्षी ओळखायला शिकता येतात. डोके आणि शरीर अधिक मोठे, स्वभाव अधिक हुकमी ती जॅकी. अंडी बहुधा जानेवारीच्या उत्तरार्धात येतात आणि उबवण्यास साधारण पाच ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पिल्ले मार्चच्या आरंभी, बिग बेअरच्या हिवाळ्याचा जोर पुरता ओसरण्याआधी बाहेर येतात. तेथील हवामानाचा अंदाज आणि आपले घड्याळ यांचा मेळ घालून पाहण्याच्या वेळा ठरवाव्यात. हिमवर्षाव चालू असताना दूरचा कॅमेरा लावावा, त्यात वादळाची दिशा आणि जोर समजतो. बर्फ थांबून उजाडले की, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातच्या पुढे, जवळच्या कॅमेऱ्यावर यावे. पक्षी पहिल्यांदा उठतो, वाटीतले बर्फ बाजूला होते आणि भरवणे सुरू होते ते याच वेळी, आणि पिल्लांची संख्याही तेव्हाच मोजता येते.